अपडेटनंतर सिनेमा अडखळतोय? दोषी शोधायची शिस्तशीर पद्धत

संशोधनाची तयारी करताना 'हायपोथेसिस', 'कंट्रोल', 'व्हेरिएबल' हे शब्द आपण इतक्या वेळा पाठ करतो की ते फक्त परीक्षेपुरतेच आहेत असं वाटायला लागतं. म्हणून आज उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, टीव्हीला जोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरचं घेऊया.

२००९ च्या सुमारास एनव्हिडियाच्या 'आयन' चिपसेटवर बनलेले छोटे पीसी होम थिएटरसाठी खूप लोकप्रिय होते. आवाज कमी, वीज कमी. त्यातला इंटेलचा अ‍ॅटम ३३० प्रोसेसर तसा अशक्त, दोन कोअर आणि १.६ गिगाहर्ट्झ. तरीही त्यावर फुल एचडी सिनेमा छान चालायचा. मग एक दिवस लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि तोच सिनेमा अडखळायला लागला. बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला: "मशीन म्हातारं झालं, टाका भंगारात." पण थांबा. मशीन तर कालही तेवढंच म्हातारं होतं ना?

आधी थोडं गणित

फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला २४ फ्रेम म्हटल्यावर प्रत्येक फ्रेम तयार करायला मिळतात फक्त ४१.७ मिलिसेकंद. फाइलमध्ये हे चित्र दाबून भरलेलं असतं, ते उलगडण्याच्या कामाला डिकोडिंग म्हणतात. जास्त बिटरेटची एच.२६४ फाइल या वेळात उलगडणं अ‍ॅटमच्या आवाक्याबाहेरचं आहे. ते काम खरं तर ग्राफिक्स चिपमधला खास डिकोडर करत होता. प्रोसेसर जवळजवळ निवांत बसून असायचा.

पण प्लेअर त्या डिकोडरपर्यंत पोचतो तो ड्रायव्हरमार्फत. या चिपसाठीची एनव्हिडियाची ३४० मालिका २०१९ च्या अखेरीस थांबली. त्यानंतरच्या नव्या कर्नलवर तो ड्रायव्हर मूळ रूपात बसत नाही. मग सिस्टिम गुपचूप 'नूव्हो' हा मुक्त ड्रायव्हर वापरते. पडद्यावर चित्र दिसतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण डिकोडरला लागणारं फर्मवेअर वेगळं मिळवून टाकल्याशिवाय हार्डवेअर डिकोडिंग होत नाही. सगळा भार अ‍ॅटमवर येतो आणि सिनेमा अडखळतो.

एकच लक्षण, तीन कारणं

ही गोष्ट पटण्यासारखी आहे, पण म्हणून ती *तुमच्या* मशीनबाबत खरी ठरत नाही. अपग्रेडमध्ये कर्नल, ड्रायव्हर, प्लेअर, डिस्प्लेच्या सेटिंग्ज असं सगळं एकदम बदलतं. तेव्हा किमान तीन शक्यता मांडा, आणि प्रत्येक खरी असेल तर काय दिसायला हवं ते *आधी* लिहून ठेवा.

पहिली: हार्डवेअर डिकोडिंग गेलं. मग प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांच्या आसपास दिसेल, फ्रेम गळतील, पण कमी रिझोल्यूशनची फाइल नीट चालेल.

दुसरी: फाइलच नव्या प्रकारची आहे. एचईव्हीसी हे मानक २०१३ चं. २००९ च्या चिपमध्ये त्याचा डिकोडर असणं शक्यच नाही. मग जुन्या एच.२६४ फाइल पूर्वीसारख्या चालतील आणि फक्त नव्या अडखळतील.

तिसरी: अपग्रेडनंतर टीव्हीचा रिफ्रेश रेट २४ वरून ६० हर्ट्झवर गेला. मग एक फ्रेम ३३ मिलिसेकंद दिसते, पुढची ५०, असं आलटून पालटून. प्रोसेसर निवांत, गळती शून्य, तरीही कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके खातं.

बघा, तिन्ही वेळा तक्रार एकच: "व्हिडिओ अडखळतो." पण तिन्ही भाकितं वेगळी आहेत. चांगल्या हायपोथेसिसची खूण हीच, की ती चुकीची ठरू शकते.

आता मोजा. एमपीव्ही प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना 'आय' ही कळ दाबली की डिकोडिंग कोण करतंय आणि किती फ्रेम गळल्या ते दिसतं. एक सावधगिरी: या प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग मुळात बंद असतं. ते चालू करूनच तपासा, नाहीतर पहिल्या शक्यतेला उगाच पुरावा मिळाल्यासारखं वाटेल.

आणि कंट्रोल? रिकाम्या हार्ड डिस्कवर आधीची आवृत्ती तिच्या ड्रायव्हरसकट टाका. मशीन तेच, फाइल तीच, केबल तीच. इथे सिनेमा सुरळीत चालला, तर हार्डवेअर निर्दोष. सुरक्षा अपडेट बंद झालेली ही आवृत्ती इंटरनेटला मात्र जोडू नका.

यात तुमच्या थीसिसचा काय संबंध?

खूप आहे. समजा, तुम्ही उंदराच्या हालचालीचा व्हिडिओ ३० फ्रेमच्या वेगाने १०० सेकंद रेकॉर्ड केला. फाइलमध्ये ३००० फ्रेम हव्यात. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यापासून रेकॉर्डिंगमध्येच १० टक्के गळायला लागल्या आणि २७०० उरल्या. तुम्ही फ्रेम मोजून ३० ने भागलं, उत्तर आलं ९० सेकंद. उंदीर ९ मीटर चालला असेल, तर खरा वेग सेकंदाला ९ सेंटिमीटर, तुमचा आला १०. म्हणजे ११ टक्के जास्त. अपडेटच्या आधी कंट्रोल गट आणि नंतर औषध दिलेला गट रेकॉर्ड केला असेल, तर औषधाचा 'परिणाम' सापडलाच म्हणून समजा!

सिनेमा बघताना गळलेली फ्रेम फाइलमध्ये सुरक्षित असते. रेकॉर्डिंगमध्ये गळलेली कायमची जाते. आणि इथे अडखळणं डोळ्यांना दिसेलच असंही नाही. म्हणून वेळ फ्रेमच्या संख्येवरून नाही, प्रत्येक फ्रेमच्या टाइमस्टॅम्पवरून काढा.

लॅबमधल्या कुठल्याही पीसीवर अपग्रेडचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी करा:

- कर्नल, ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या तारखेसह लॅब नोटबुकात लिहा.
- ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे अशी एक चाचणी फाइल ठेवा. अपग्रेडच्या आधी आणि नंतर तीच चालवून आकडे ताडून बघा.
- डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा, म्हणजे परत फिरता येईल.
- प्रयोगाची एक मालिका अर्ध्यावर असताना अपग्रेड करू नका. अगदीच टाळता येत नसेल, तर दोन्ही गटांचं थोडं थोडं रेकॉर्डिंग अपग्रेडच्या दोन्ही बाजूंना करा.

या कामाला फार तर एक दुपार लागते. गाइडने "हा फरक औषधामुळेच कशावरून?" असं विचारलं, की त्या दुपारची किंमत कळते.