दुसरा कान

टेलिफोनवरील बोलणे हे दोन माणसांमधले बोलणे असते. एक बोलतो, दुसरा ऐकतो. मग दुसरा बोलतो आणि पहिला ऐकतो. परंतु त्याच वेळी शेजारी बसलेल्या तिसऱ्या माणसालाही ते बोलणे ऐकता यावे, अशी सोय टेलिफोनला फार पूर्वीपासून करता येत होती. ही सोय कशी चालत असे? तिचा उपयोग कोणाला झाला? आणि लोकांना तिची भीती का वाटू लागली? या पाठात आपण हे समजून घेऊ.

टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे शिक्षक होते. अमेरिकेतील बोस्टन शहरात ते बहिऱ्या विद्यार्थ्यांना बोलायला शिकवीत. त्यांच्या आईला फार कमी ऐकू येत असे. मेबेल नावाची त्यांची एक विद्यार्थिनी होती. पाच वर्षांची असताना कडक ताप येऊन तिची ऐकण्याची शक्ती कायमची गेली होती. पुढे १८७७ साली बेल यांचे लग्न याच मेबेलशी झाले. त्याच्या एक वर्ष आधी, ७ मार्च १८७६ रोजी, बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. तीन दिवसांनी त्यांनी दुसऱ्या खोलीत असलेल्या वॉटसन या आपल्या मदतनिसाला टेलिफोनवरून हाक मारली आणि वॉटसनला ती स्पष्ट ऐकू आली. दूरच्या माणसाचा आवाज जगाला ऐकवणारे यंत्र तयार झाले; पण ज्याने ते तयार केले, त्याच्या पत्नीला त्यावरून एक शब्दही ऐकू येणे शक्य नव्हते.

टेलिफोनमध्ये आवाज कसा जातो, ते आधी पाहू. आपण बोलतो तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. जुन्या टेलिफोनमध्ये तोंडाजवळच्या भागात एक पातळ पडदा असे. पडद्यामागे कोळशाचे बारीक कण भरलेली डबी असे. या कणांतून विजेचा प्रवाह वाहत असे. आवाजाने पडदा आत दाबला गेला, की कण एकमेकांना घट्ट चिकटत आणि प्रवाह वाढे. पडदा मागे आला, की कण सैल होत आणि प्रवाह कमी होई. म्हणजे आवाजात जसे चढउतार होत, तसेच चढउतार तारेतील प्रवाहात होत.

दुसऱ्या टोकाला कानाजवळच्या भागात चुंबक आणि तारेचे वेटोळे असे. त्यांच्यासमोर लोखंडाची पातळ चकती असे. प्रवाह वाढला की चकती जोराने ओढली जाई, कमी झाला की सैल सुटे. अशा रीतीने चकती थरथरू लागे, तिच्याजवळची हवा हलू लागे आणि बोलणाऱ्याचा आवाज पुन्हा ऐकू येई. ही गोष्ट लक्षात ठेवा. तारेतून आवाज जात नसे. आवाजाप्रमाणे कमीजास्त होणारा विजेचा प्रवाह तारेतून जाई.

आता एक साधी गोष्ट पाहा. नळाच्या एका पाइपाला दोन तोट्या बसवल्या, तर दोन्हींतून पाणी येते. मात्र दोन्ही एकदम सोडल्या, तर धार थोडी बारीक होते. टेलिफोनचेही तसेच आहे. त्याच तारेला ऐकण्याचा आणखी एक भाग जोडला, तर दोघांना एकच बोलणे ऐकू येते. या जादा भागात चुंबक, वेटोळे आणि चकती एवढेच असे. बोलण्याची डबी त्यात नसे. त्यामुळे तो कानाला लावणारा माणूस दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकू शके. पण त्याला त्यातून काही बोलता येत नसे. तो केवळ दुसरा कान होता.

सुरुवातीच्या काळात टेलिफोनवरचा आवाज फार क्षीण येई. म्हणून काही यंत्रांना ऐकण्याचे दोन भाग असत. एक उजव्या कानाला लावायचा आणि एक डाव्या कानाला. त्यामुळे बाहेरचा गलबला कमी होई आणि शब्द नीट समजत. १८८१ साली पॅरिस येथे विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे क्लेमां आदेर या फ्रेंच संशोधकाने नाट्यगृहात चाललेले गाणे टेलिफोनच्या तारांवरून प्रदर्शनातील लोकांना ऐकवले. लोक दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावून ते गाणे ऐकत.

पुढे आवाज सुधारला. एका कानाने नीट ऐकू येऊ लागले. मग दुसरा रिसीव्हर शेजाऱ्याच्या हाती देता येऊ लागला. फ्रान्समध्ये ही पद्धत पुष्कळ वर्षे टिकली. १९६३ साली तेथे 'एस ६३' नावाचा टेलिफोन निघाला. त्याच्या पाठीमागे असा एक छोटा गोल जादा रिसीव्हर अडकवलेला असे. परगावी शिकणाऱ्या मुलाचा फोन आला, तर आई त्याच्याशी बोले आणि वडील जादा रिसीव्हर कानाला लावून ऐकू शकत. पैशाच्या व्यवहाराचे बोलणे असले, तर सोबतचा माणूस ते ऐकून साक्षीदार होऊ शके.

पण या दुसऱ्या कानाचा सर्वांत मोलाचा उपयोग बहिऱ्या माणसांना झाला. अमेरिकेतील टेलिफोन कंपन्या त्यांच्यासाठी असा जादा रिसीव्हर देत. तो खिशातील घड्याळाच्या डबीसारखा गोल आणि चपटा असे. म्हणून त्याला 'वॉच-केस रिसीव्हर' म्हणत.

त्याचा उपयोग कसा होई, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका बहिऱ्या बाईंना डॉक्टरांशी बोलायचे आहे. त्यांना बोलता येते. पण डॉक्टरांचे उत्तर ऐकू येत नाही. त्यांची बहीण त्यांच्यासमोर बसते आणि जादा रिसीव्हर आपल्या कानाला लावते. बाई टेलिफोनवर स्वतः बोलतात, "डॉक्टरसाहेब, मला ऐकू येत नाही. माझी बहीण तुमचे बोलणे ऐकून मला सांगणार आहे. चालेल ना?" डॉक्टर होकार देतात आणि बोलू लागतात. बहीण ते शब्द ऐकते आणि आवाज न करता फक्त ओठ हलवून तेच शब्द म्हणते. बाई तिच्या ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखतात आणि डॉक्टरांना स्वतः उत्तर देतात. कान बहिणीचे आणि डोळे स्वतःचे, अशा रीतीने बोलणे पूर्ण होते. मेबेल बेल याही ओठ वाचण्यात अतिशय कुशल होत्या. बहिऱ्यांच्या शिक्षकाने शोधलेले यंत्र या छोट्या डबीमुळे बहिऱ्यांच्याही उपयोगी पडले.

या उदाहरणात डॉक्टरांना तिसऱ्या माणसाची माहिती होती. बाईंनी ती पहिल्याच वाक्यात दिली होती. परंतु नेहमीच असे होत नसे.

टेलिफोनच्या जुन्या काळात बोलणे पूर्णपणे खाजगी क्वचितच असे. अमेरिकेच्या खेड्यांत एकाच तारेवर अनेक घरांचे टेलिफोन जोडलेले असत. प्रत्येक घराची घंटा वेगळ्या तऱ्हेने वाजे. आपली घंटा वाजली की आपण फोन उचलायचा, असा नियम होता. पण शेजाऱ्याची घंटा वाजली तरी काही लोक हळूच रिसीव्हर उचलून त्यांचे बोलणे ऐकत बसत. फार जणांनी रिसीव्हर उचलले, की आवाज क्षीण होई. तोट्या जास्त आणि पाणी तेवढेच, अशी स्थिती होई. मग बोलणाऱ्यांना समजे, की कोणीतरी ऐकत आहे.

आपल्या देशात १८८२ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन केंद्रे सुरू झाली. पूर्वी केंद्रातील ऑपरेटर हाताने तारा जोडून देत. परगावी फोन करायचा, तर ऑपरेटरकडे 'ट्रंक कॉल' नोंदवावा लागे. तार नीट जोडली गेली की नाही, हे पाहण्यासाठी ऑपरेटरला मध्येच ऐकता येत असे. त्यामुळे बोलण्याचा खाजगीपणा ऑपरेटरच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होता. १९६० साली कानपूर आणि लखनौ या शहरांमध्ये ऑपरेटरच्या मदतीशिवाय थेट फोन लावण्याची सोय झाली. हळूहळू ती देशभर पसरली.

पुढे घरोघरी टेलिफोन आले. काही घरांत बैठकीच्या खोलीत एक आणि आतल्या खोलीत एक, असे एकाच तारेवर दोन फोन असत. अब्बा बाहेर बोलत असताना आत कोणी फोन उचलला, की 'खट्' असा आवाज येई आणि बोलणे थोडे बारीक ऐकू येई. अब्बा लगेच विचारीत, "आत फोन कोणी उचलला?" यंत्रच जणू सावध करीत असे.

मात्र विजेची साधने सुधारली, तशी ही खूण नाहीशी झाली. तारेतून अगदी नगण्य प्रवाह घेऊन बोलणे ऐकणारी साधने निघाली. त्यांच्यामुळे 'खट्' आवाज येत नाही आणि बोलणेही बारीक होत नाही. बोलणाऱ्याला कसलाच संशय येत नाही. अशा रीतीने गुपचूप ऐकण्याला 'फोन टॅपिंग' म्हणतात.

मग प्रश्न उभा राहिला. दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकण्याचा अधिकार कोणाला आहे का? अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. सिएटल शहरातील ऑल्मस्टेड नावाचा माणूस बंदी असलेल्या दारूचा व्यापार करीत असे. सरकारी अधिकाऱ्यांनी घराबाहेरील तारांना साधन जोडून त्याचे बोलणे ऐकले. १९२८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अधिकारी घरात शिरले नाहीत, म्हणून त्यांनी त्याच्या हक्कावर घाला घातलेला नाही. नऊपैकी चार न्यायाधीशांना हे पटले नव्हते. पुढे १९६७ साली सार्वजनिक टेलिफोनच्या खोलीबाहेर ऐकण्याचे साधन लावल्याचे एक प्रकरण आले. या वेळी न्यायालयाने आपले मत बदलले. दार लावून बोलणाऱ्या माणसाला आपले बोलणे खाजगी राहील असा भरवसा असतो आणि कायद्याने त्या भरवशाचे रक्षण केले पाहिजे, असे न्यायालयाने मानले.

भारतात १८८५ च्या तार कायद्यानुसार, सार्वजनिक संकटाच्या वेळी किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार सरकारला होता. पण हा अधिकार कसा वापरावा, याचे स्पष्ट नियम नव्हते. १९९६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की घरातून किंवा कार्यालयातून टेलिफोनवर बोलणे हा माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग आहे. कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय ते ऐकता येणार नाही. त्यासाठी गृहसचिवांसारख्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा आदेश हवा, तो ठरावीक मुदतीपुरताच असावा आणि एका समितीने तो तपासून पाहावा, असे नियम न्यायालयाने घालून दिले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खाजगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा झाला. त्यातही सरकारला असा अधिकार आहे. पण तो ठरवून दिलेल्या कारणांसाठीच वापरता येतो.

आज आपल्या हातात मोबाइल फोन आहे. त्याला जादा रिसीव्हर जोडावा लागत नाही. एक खूण दाबली, की फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येतो. दूरच्या गावी असलेल्या दादीजानशी घरातील सगळे एकदम बोलू शकतात, ही किती आनंदाची गोष्ट आहे! पण विचार करा. तुमच्या मित्राने तुम्हांला फोन केला आहे. परीक्षेत तो नापास झाला आहे आणि मनातले दुःख तुम्हांला सांगत आहे. तुमच्याजवळ चार मुले बसली आहेत आणि फोनचा आवाज मोठा केलेला आहे. मित्राला हे ठाऊक नाही. तो जे बोलला, ते फक्त तुमच्यासाठी होते. ती चार मुले हसली, तर त्याला काय वाटेल? आणि पुढच्या वेळी तो तुम्हांला काही सांगेल का?

अशा वेळी काय करावे, हे कठीण नाही. आवाज मोठा करण्यापूर्वी सांगावे, "माझ्याजवळ अम्मी आणि आपा बसल्या आहेत. त्यांनाही ऐकू येत आहे." समोरच्याला नको असेल, तर फोन कानाला लावावा किंवा बाजूला जाऊन बोलावे. दुसऱ्याचा फोन चालू असताना आपण कान देऊन ऐकू नये. कोणाचे बोलणे चुकून कानी पडलेच, तर ते इतरांना सांगत फिरू नये.

'भिंतीला कान असतात' अशी मराठीत म्हण आहे. तुमच्या भाषेतही 'दीवारों के भी कान होते हैं' असे म्हणतात. भिंतीचा कान दिसत नाही, म्हणून त्याची भीती वाटते. बहिऱ्या बाईंच्या बहिणीने लावलेला कान मात्र डॉक्टरांना ठाऊक होता, म्हणून त्याचा आधार वाटला. साधन दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. आपला फोन दुसऱ्या कोणाला ऐकवण्यापूर्वी समोरच्या माणसाला तसे सांगायचे, एवढे आपण नक्कीच करू शकतो.