पृथ्वीच्या परिवलनाचा अंदाज

पृथ्वीचे परिवलन एकसारखे नाही. दिवस ८६,४०० सेकंदांचा धरला जातो, पण त्याची खरी लांबी मिलिसेकंदाच्या हिशेबात सतत कमी-जास्त होते. ध्रुवही जागचा हलतो: काही मीटरच्या घेऱ्यात तो फिरत राहतो. त्या फिरण्यात एक लय वार्षिक आहे, दुसरी सुमारे ४३३ दिवसांची. ही दुसरी लय सेथ चँडलर यांनी १८९१ मध्ये दाखवून दिली. विषुववृत्तावरचा बिंदू एका मिलिसेकंदात सुमारे ४६ सेंटिमीटर सरकतो, त्यामुळे अंतराळयानाला मार्ग देताना इतकासा फरकही सोडून चालत नाही.

अडचण वेळेची आहे. परिवलनाचा कोन दूरच्या क्वेसारांच्या रेडिओलहरींवरून ठरतो. वेगवेगळ्या खंडांतल्या दुर्बिणींच्या नोंदी एकत्र आणून ताडून पाहण्यात दिवस जातात आणि आकडा तर आजचा, उद्याचा हवा असतो. आंतरराष्ट्रीय भूपरिवलन सेवेसाठी असे अंदाज वॉशिंग्टनची अमेरिकी नौदल वेधशाळा काढते.

चंद्र-सूर्यामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीचा परिणाम आधीच गणिताने सांगता येतो. तो आणि ऋतुमानाची आवर्तने वजा केली की जो अनियमित भाग उरतो, तो मुख्यतः वाऱ्याचा. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वारे जोर धरतात तेव्हा वातावरणाचा कोनीय संवेग वाढतो आणि घन पृथ्वी तेवढी मंदावते. १९८२-८३ च्या एल निनोत दिवस लांबल्याचे मोजमापात स्पष्ट दिसले.

अंदाजासाठी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा संगणकी आराखडा, वापरतात. त्याचे खरे काम या उरलेल्या भागावर आहे. त्याला मागच्या दिवसांचे आकडे दिले जातात. त्याचे उत्तर आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतली चूक पाहून आतले भारांक पुनःपुन्हा बदलले जातात. संबंध सरळ रेषेचाच असावा, अशी अट इथे नसते. हाराल्ड शू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ही पद्धत ध्रुवगती व दिवसाची लांबी या दोन्हींसाठी मांडली. पुढे जुन्या नोंदी स्मरणात ठेवणारी नेटवर्के आली. पॉट्सडॅमचे भूविज्ञान केंद्र पुढच्या सहा दिवसांच्या वातावरण व सागरांच्या कोनीय संवेगाचे अंदाज देते, तेही नेटवर्कला पुरवता येतात. ही जोड फार मोलाची आहे, कारण उद्याचा वारा केवळ कालच्या परिवलनावरून कळत नाही.

लांब पल्ल्यात मात्र नोंदीच अपुऱ्या पडतात. १९६२ पासूनच्या रोजच्या मालिकेत चँडलरची लय जेमतेम पन्नासएक वेळा आली आहे, आणि तिचा आवाकाही बदलता आहे. थोड्या नमुन्यांवर शिकलेले नेटवर्क जुने आकडे अचूक जुळवते, नवे चुकवते. म्हणून खरी कसोटी घडून गेलेल्या दिवसांवर लागत नाही. २०२१-२२ च्या आंतरराष्ट्रीय तुलना मोहिमेत सहभागींनी अंदाज आधी नोंदवले आणि मोजमाप नंतर आले. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधक आता नेटवर्कला आकड्यांबरोबर भौतिकीची समीकरणेही देतात, म्हणजे नियमांशी विसंगत उत्तर शिकतानाच चूक ठरते.