नातवंडांचे प्रगतिपुस्तक आणि आपण

सहामाही परीक्षेचे निकाल हाती पडले की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक ठरावीक संवाद घडतो. रक्तदाब तपासून घ्यायला आलेले आजोबा बाही खाली करता करता पिशवीतून नातवंडाचे प्रगतिपुस्तक काढतात, माझ्यासमोर ठेवतात आणि म्हणतात, “डॉक्टर, बुद्धी आहे हो, पण लक्ष नाही. काहीतरी टॉनिक लिहून द्या.”

दोन वर्षांपूर्वी असेच एक सेवानिवृत्त गृहस्थ चौथीतल्या नातीला घेऊन आले. मुलगा-सून दोघेही दिवसभर नोकरीवर असल्यामुळे मुलीचे सगळे आजी-आजोबांकडेच होते. प्रगतिपुस्तकात गुण घसरलेले होतेच. त्याखाली शेरा होता, ‘शेजारच्या मुलीच्या वहीतून नक्कल करते.’ आजोबांना गुणांपेक्षा त्या शेऱ्याचे दुःख अधिक होते. आयुष्यभर कोणाच्या एका पैशाला हात न लावलेला माणूस, आणि त्याच्या नातीवर हा आरोप! मुलगी मान खाली घालून उभी होती. मी सहज तिला समोरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला महिना वाचायला सांगितला. ती डोळे बारीक करून दोन पावले पुढे सरकली.

नेत्रतज्ज्ञांकडे पाठवल्यावर दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोनचा नंबर निघाला, शिवाय सिलिंडरचा नंबर वेगळा. तिला फळा दिसतच नव्हता. म्हणून ती शेजारणीच्या वहीत पाहून लिहीत होती.

येथे एक कबुली द्यायला हवी. ही मुलगी त्याआधीच्या सहा महिन्यांत तीन वेळा डोकेदुखीसाठी माझ्याकडे येऊन गेली होती. दोनदा मी पॅरासिटॅमॉल लिहून दिले आणि तिसऱ्यांदा ‘पाणी भरपूर प्यावे, मोबाइल कमी पाहावा’ असा उपदेश केला. दिनदर्शिका तेव्हाही भिंतीवर होतीच.

मुलांच्या शालेय यशापयशाची कारणे शोधण्याचे पद्धतशीर संशोधन गेली साठ वर्षे जगभर सुरू आहे. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांमधील सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. इमारती, प्रयोगशाळा, ग्रंथालये यांवर खर्च वाढवला की गुण वाढतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुलांच्या गुणांमधील फरकाचा शाळेच्या साधनसामग्रीशी असलेला संबंध फारच क्षीण निघाला; घरची परिस्थिती आणि वर्गातील सोबती यांचा संबंध कितीतरी बळकट होता. पुढे १९८३ साली हेनमन आणि लॉक्सली या अभ्यासकांनी अनेक देशांची तुलना करून दाखवले, की गरीब देशांत शाळा आणि शिक्षक यांचा प्रभाव कोलमन यांच्या निष्कर्षाहून बराच मोठा असतो. त्यामुळे ‘सगळे घरावरच अवलंबून आहे’ असे म्हणून शाळेला मोकळे सोडता येणार नाही. परंतु घराचा वाटा मोठा आहे हे नक्की, आणि दुपारी शाळेतून परतणाऱ्या मुलासाठी घर म्हणजे पुष्कळदा आजी-आजोबाच असतात. हा लेख तुमच्यासाठी लिहितो आहे तो याच कारणाने.

प्रथम डोळ्यांकडे वळू. पश्चिम चीनमधील २५२ ग्रामीण शाळांत एक मोठा प्रयोग झाला. चष्म्याची गरज असलेली तीन हजारांहून अधिक मुले त्यात होती. त्यांपैकी सुरुवातीला जेमतेम सहावा-सातवा हिस्सा मुलांकडे चष्मा होता. ज्या मुलांना चष्मा मोफत मिळाला, त्यांचे गणिताचे गुण शालेय वर्षाच्या शेवटी इतरांपेक्षा वाढलेले आढळले. शिकवणी नाही, नवे पुस्तक नाही. केवळ दोन भिंगे. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच भागातील गान्सू प्रांतातला त्याआधीचा अनुभव मात्र मला अधिक बोलका वाटतो. तेथे मुलांना चष्मे फुकट देऊ केले असता जवळजवळ एक-तृतीयांश घरांनी ते नाकारले, आणि त्यामागे घरातील कर्त्या माणसाचा विरोध हे एक मोठे कारण होते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे असे कृपया समजू नका. ‘एवढ्या लहान वयात चष्मा कशाला, डोळे आणखी बिघडतील’, ‘गाजर द्या, नंबर जाईल’, ‘मुलीची जात आहे, पुढे अडचण येईल’ ही वाक्ये मी दवाखान्यात ऐकतो, आणि ती बहुधा आई-वडिलांच्या नव्हे, आपल्या पिढीच्या तोंडून ऐकतो. योग्य नंबरचा चष्मा वापरल्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून नंबर वाढतो. चष्मा न घातल्याने ते थांबत नाही. गाजर अवश्य खावे, पण त्याने लागलेला नंबर उतरत नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातही तिसरी ते सातवीच्या दोन हजार तीनशे विद्यार्थ्यांवर असाच अभ्यास झाला. शाळेतच डोळे तपासून चष्मे दिल्यावर पहिल्या वर्षी वाचनाचे गुण सुधारले, आणि अभ्यासात सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. दुसऱ्या वर्षी मात्र हा लाभ ओसरला. चष्मे हरवले, मोडले किंवा मुलांनी ते घालणे सोडले असावे, असा संशोधकांचा अंदाज आहे. चष्मा दप्तरात आहे की डोळ्यांवर, मोडला असेल तर दुरुस्त झाला का, हे पाहणारे माणूस घरात हवे. ते काम तुमच्याइतके चांगले कोण करील?

घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. दिनदर्शिका भिंतीवर लावून मुलाला दहा फुटांवर उभे करा, एक डोळा तळहाताने हलकेच झाकून तारखा वाचायला सांगा. मग दुसरा डोळा. दोन डोळ्यांत फरक वाटला, मूल पुढे सरकू लागले किंवा मान तिरकी करू लागले, तर नेत्रतज्ज्ञांकडे न्या. चाचणीत सगळे ठीक वाटले तरी वर्षातून एकदा खरी तपासणी हवीच. (वर उल्लेखिलेल्या आजोबांनी नातीबरोबर स्वतःही हा प्रयोग केला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू त्यातच लक्षात आला.) शिवाय मुलांना उजेडात खेळू द्या. चीनमधील ग्वांगझौ येथे शाळेच्या वेळापत्रकात रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर घालवण्याची सोय केली, तेव्हा तीन वर्षांत नव्याने चष्मा लागणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांऐवजी तीस टक्के राहिले. सायंकाळी बागेत फिरायला जाताना नातवंडाला बरोबर नेण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

कानांविषयी थोडक्यात. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ऐकू कमी येते. मूल ‘हट्टी’ आणि ‘उत्तर न देणारे’ ठरते. दूरचित्रवाणीचा आवाज मोठा करून बसणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी कान तपासून घ्यावेत.

रक्ताचा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे २४ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या सुमारे २८ टक्के मुलामुलींत रक्तक्षय आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दहा-अकरा मुले. लोह केवळ रक्ताला लागते असे नाही, मेंदूच्या कामकाजालाही ते आवश्यक असते. अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक मुलांच्या आकडेवारीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये गणितात सरासरीहून कमी गुण मिळण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. हिमोग्लोबिन अद्याप न घसरलेल्या मुलांचे गुणही कमीच होते.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. सकाळी शाळेच्या घाईत मुलाला चहा-चपाती किंवा चहा-बिस्किट दिले जाते. आपणही लहानपणी तेच खाल्ले, म्हणून त्यात काही गैर वाटत नाही. पण चहातील टॅनिन अन्नातले लोह शोषू देत नाही. मुलांचा चहा बंदच करावा, निदान जेवणाच्या आगेमागे तो नको. मेथी, शेपू, हरभरा, अळीव, नाचणी आहारात असावी आणि वरणभातावर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. मांसाहार चालत असेल तर उत्तमच. लोहाच्या गोळ्या मात्र रक्त तपासल्यावाचून मनाने सुरू करू नका. थॅलसीमिया मायनर असलेल्या मुलाचे हिमोग्लोबिनही कमी दिसते, पण त्याचे कारण लोहाची कमतरता असतेच असे नाही. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी निर्धास्तपणे द्यावी, फक्त उपाशीपोटी नको.

झोपेचेही तसेच आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तर पुढे अठरापर्यंत आठ ते दहा तास झोप लागते. सिअॅटल शहरात २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ सकाळी ७.५० ऐवजी ८.४५ केली, तेव्हा मुले रोज सरासरी ३४ मिनिटे अधिक झोपू लागली आणि पाहणी झालेल्या वर्गांतील गुण साडेचार टक्क्यांनी वाढले. आपल्या राज्य शासनानेही २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. पण शाळा उशिरा भरली तरी रात्रीच्या मालिका अकरापर्यंत चालू असतील, तर त्या आदेशाचा उपयोग काय? हे लिहिताना माझ्याच घरातील आवाज मला ऐकू येत आहेत.

ज्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, तेथील कुटुंबीयांना याबाबत एक गोष्ट विशेषत्वाने सांगायची आहे. दोन खोल्यांच्या घरात मूल पुष्कळदा रुग्णाच्याच खोलीत झोपते. रात्री दिवा लागतो, खोकल्याची उबळ येते, ऑक्सिजनचे यंत्र घुमत राहते. मूल तक्रार करीत नाही, कारण आजीवर त्याचा जीव असतो. शक्य असेल तर मुलाची झोपण्याची जागा बदला. पाणी देणे, हाक मारणे, औषधाची आठवण करणे ही कामे मुलाने करण्यात काही वाईट नाही. त्यातून माया वाढते. परंतु परीक्षेच्या दिवसांत रात्रीची पाळी त्याच्याकडे देऊ नये. ऑस्ट्रेलियातील पाहण्यांमध्ये घरच्या रुग्णाची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी मुले वाचन व गणितात बरोबरीच्या मुलांच्या मागे पडलेली दिसली आहेत. आणि आपण स्वतः रुग्ण असाल, तर ‘माझ्यामुळे पोराचे नुकसान झाले’ असे मनाला लावून घेऊ नका. अंथरुणावर पडून नातवाचे पाढे ऐकणारी माणसे मी पाहिली आहेत.

पाढे ऐकण्याला शास्त्राचा आधार आहे का? आहे. अमेरिकेत ‘एक्स्पीरियन्स कोअर’ या उपक्रमात निवृत्त मंडळी प्राथमिक शाळांत जाऊन वाचनात मागे पडलेल्या मुलांजवळ बसतात. २३ शाळांतील आठशेहून अधिक मुलांच्या अभ्यासात अशी सोबत मिळालेल्या मुलांची नवे शब्द उच्चारून वाचण्यात आणि वाचलेले समजण्यात इतरांपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक प्रगती दिसली. बाल्टिमोरमध्ये याच उपक्रमातील साठीपुढील स्वयंसेवकांचाही अभ्यास झाला. ते आठवड्याला सुमारे पंधरा तास शाळेत घालवीत. दोन वर्षांनंतर मेंदूच्या चित्रांत त्यांच्यापैकी पुरुषांमध्ये स्मृतीशी निगडित असलेल्या हिपोकॅम्पस या भागाचे आकारमान किंचित वाढलेले आढळले. एरवी या वयात ते घटत जाते. स्मरणशक्तीच्या गोळ्या मागणाऱ्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगतो.

यासाठी उच्च शिक्षण लागत नाही. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. त्या वस्तीतल्याच तरुण मुली. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळे बसवून रोज दोन तास अगदी पायाभूत वाचन-गणित शिकवीत. पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याची कसून तपासणी केली आणि सर्वांत कच्च्या मुलांची प्रगती सर्वाधिक झाल्याचे त्यांना दिसले. मूल पाचवीत असले तरी त्याला दुसरीचे येत नसेल, तर दुसरीपासून सुरुवात करण्यात लाज कसली? मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका. चुकल्यावर लगेच तोडू नका. ‘तू फार हुशार’ म्हणण्याऐवजी ‘हे गणित तू तीन वेळा प्रयत्न करून सोडवलेस’ असे म्हणा. केवळ हुशारीची स्तुती झालेली मुले अवघड प्रश्न टाळू लागतात, असे १९९८ सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात आढळले होते. पुढच्या प्रयोगांत या उपायाचा परिणाम लहानच निघाला. पण त्याला खर्च शून्य आहे.

डोळे, कान, रक्त, झोप हे सारे ठीक असूनही दुसरी-तिसरीतले मूल अक्षरे उलटी लिहीत असेल, तोंडी सगळे सांगते पण लिहिता येत नाही असे असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी लागते. हा आळस नव्हे आणि मंदबुद्धीही नव्हे. सरकारी व महापालिका शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून मोफत होते. पथक शाळेत येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि शंका असल्यास शिक्षकांमार्फत आधीच कळवा. अध्ययन अक्षमतेचे अधिकृत प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत राज्य मंडळाकडून जादा वेळासह काही सवलती मिळतात. हे प्रमाणपत्र ठरावीक शासकीय व महापालिका रुग्णालयांतून मिळते, त्यासाठी अनेक खेपा घालाव्या लागतात आणि रांग मोठी असते. म्हणून शंका आल्यास नववी-दहावीची वाट पाहू नका; जाताना जुन्या वह्या आणि सर्व इयत्तांची प्रगतिपुस्तके बरोबर न्या.