दोष बोटांचा नाही

गेल्या महिन्यात आमच्या दादी रेशनच्या दुकानावरून रिकामी पिशवी घेऊन परतल्या. एकेक करून दहाही बोटं मशीनवर ठेवली, पण ठसा काही जुळेना. घरी येऊन म्हणाल्या, "माझीच बोटं खराब झाली रे." ते शब्द आम्हाला लागले.

दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दादींची उमेद त्याच फडात गेली. कोयता आणि मोळ्यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, वयानं कातडी कोरडी आणि पातळ होते. ठशाचं मशीन तर फक्त रेषाच वाचतं. म्हणजे दोष बोटांचा नव्हता, त्या बोटांसाठी ते मशीन चुकीचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोबत गेलो आणि डोळ्याचं मशीन मागितलं. बुबुळ एका झटक्यात जुळलं, धान्य मिळालं. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीचाही मार्ग असतो. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचा नंबर आजच तपासा. कोरडी बोटं ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा ठेवली तरी कधी कधी काम होतं.

यावरून आम्ही घरात सगळ्यांचाच विचार केला. 5 वर्षांखालच्या लेकरांचे ठसे आधारसाठी घेतच नाहीत. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात. ही तारीख चुकवू नका. लहान मूल कॉम्प्युटरवर बसत असेल तर त्याच्या मुठीत मावेल असा छोटा माउस द्या.

मोठ्या मुला-मुलींना मात्र खरा कीबोर्ड हवा. सरकारमान्य मराठी टायपिंगच्या परीक्षेत मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांचा वेग लागतो. फोनवर अंगठ्यानं टाइप करून हा सराव होत नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला असतात. त्यावर मराठी शिकलं की हिंदीही येते. उर्दूची मांडणी मात्र वेगळी, ती स्वतंत्रपणे शिकावी लागते.

दादींसाठी आवाज बरा. गूगलनं 2017 मध्ये मराठी आणि उर्दूत बोलून लिहिण्याची सोय आणली. आपली घरातली दखनी बोली फोनला नीट कळत नाही, तेव्हा एकच भाषा निवडून सावकाश बोलावं. हात थरथरत असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'दाबून धरण्याचा' वेळ वाढवता येतो. अक्षरंही मोठी करून द्या.

आता दादी फडातल्या लेकीला स्वतः निरोप पाठवतात.

उद्या रांगेत कुणा म्हाताऱ्या माणसाचा अंगठा उमटला नाही, तर मागे उभे राहून नुसते हळहळू नका. पुढे होऊन विचारा, "डोळ्याचं मशीन आहे का?"