ओहोटीच्या पाळीवरचा पक्षी

कामगार-चळवळीतल्या माणसाने पक्ष्यांवर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु रोहित पक्ष्याची आणि आमची ओळख ग्रंथालयात झाली नाही. ती शिवडीच्या बंदरावर झाली. गोदामांतील माथाडी मंडळींची बैठक होती. माणसे जमायला अवकाश होता, म्हणून आम्ही धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. समोरच्या चिखलावर गुलाबी पट्टा पसरलेला, आणि तो हलत होता! शेजारचा एक वयस्कर हमाल म्हणाला, "भाऊ, यांची पाळी ओहोटीवर लागते." पुढे इंग्रजी कोश उशाशी ठेवून आम्ही पुष्कळ पुस्तके चाळली, पण या पक्ष्याविषयी इतके नेमके वाक्य दुसरे सापडले नाही.

रोहिताच्या जगात सहा जाती आहेत. आपल्याकडे दोन येतात. थोरला रोहित चार-पाच फूट उंच, पांढुरका, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. धाकटा तीन फुटांच्या आतबाहेर, अंगाने अधिक गुलाबी, चोच काळपट तांबडी. भिगवणजवळ उजनीच्या पाण्यात दिसतो तो बहुधा थोरला. ठाण्याच्या खाडीत मात्र धाकट्याचे राज्य.

याची खाण्याची तऱ्हा जगावेगळी आहे. तो मान खाली घालून डोके उलटे करतो, म्हणजे चोचीची वरची बाजू खाली येते. चोचीच्या कडांना आतून बारीक कंगव्यासारखे दाते असतात आणि जीभ जाड, मांसल असते. ती जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते. पाणी आत ओढले जाते, गाळले जाते आणि बाहेर फेकले जाते. पेनेलोप जेन्किन या विदुषीने १९५७ साली या यंत्राचा सविस्तर उलगडा केला. थोरल्याची चाळणी भरड. तो पायाने चिखल तुडवून किडे, बारीक कवचधारी जीव वर काढतो. धाकट्याची चाळणी इतकी बारीक, की डोळ्यांना न दिसणारे शेवाळही तीत अडकते. त्यामुळे दोघे एकाच चिखलात जेवले तरी ताटावरून भांडण नाही. अंगाचा रंगही याच अन्नातला. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्यांच्या जातीचीच द्रव्ये शेवाळात असतात. ती मिळाली नाहीत तर पक्षी फिका पडतो.

आता ओहोटीकडे येऊ. पाणी ओसरले की चिखल उघडा पडतो आणि जेवण सुरू होते, मग दिवस असो की रात्र. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून यांची पाळीही रोज बदलते. खाडीत हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० नंतरच्या काळात. २०१९ च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मोजणीत ते लाखाच्या वर भरले. महानगराचे सांडपाणी खाडीत उतरते, त्यावर शेवाळ पोसते आणि शेवाळावर रोहित, असे जाणकार सांगतात. आपली घाण कुणाचे तरी अन्न झाली यात आपली फुशारकी काही नाही. त्याच पाण्यातून कारखान्यांचे विषही येते.

सरकारने २०१५ साली खाडीचा एक भाग रोहित अभयारण्य म्हणून जाहीर केला. चांगले झाले. पण भरती आली की चिखल बुडतो. मग लाखभर पक्ष्यांनी टेकायचे कुठे? ते उडून नवी मुंबईच्या उथळ तळ्यांवर, पाणथळींवर जातात आणि पाणी ओसरेपर्यंत तिथे एका पायावर विसावतात. ही तळी बहुतेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर. २०२४ साली नेरूळच्या अशाच एका तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट बुजली आणि तळे आटले. गिरणी राखली पण चाळ पाडली, तर कामगार कामावर यायचा कुठून? हा प्रश्न आम्ही माणसांसाठी अनेकदा विचारला आहे. पाखरांसाठी विचारावा लागेल असे वाटले नव्हते.

पावसाळा तोंडावर आला की थवे रात्रीचे उठतात आणि बरेचसे गुजरातेकडे जातात. कच्छच्या रणात पाऊस भरपूर झाला तरच वीण होते. चिखलाचे बुरूज आणि प्रत्येक बुरुजावर एकच अंडे. सलीम अली १९४५ साली तिथे गेले, तेव्हा त्यांनी थोरल्या रोहितांचा अंदाज पाच लाखांवर केला होता. पिलाची चोच सरळ असते, तिला गाळता येत नाही. म्हणून आई आणि बाप दोघेही आपल्या घशातला तांबडा दुधासारखा रस त्याला भरवतात. जरा मोठी झालेली पिले एकत्र ठेवली जातात, भोवती मोजकी थोर पाखरे राखणीला. कारखान्यात पाळणाघर व्हावे म्हणून आम्ही किती अर्ज लिहिले, ते आम्हांलाच ठाऊक!

सगळेच रोहित मात्र परत जात नाहीत. करड्या पिसांची, अजून वयात न आलेली काही पाखरे पावसाळाभर खाडीतच राहतात. जुलैच्या सरीत शिवडीला गेलात, तर छत्रीआडून चिखलावर नजर टाका. ओहोटीची वेळ तेवढी आधी पाहून जा.