मासा संकट घेऊन मरत नाही

टाकीतला मासा मेला की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘गेला बिचारा. घरावरचं काहीतरी आपल्या अंगावर घेऊन गेला.’ शेजारी मान डोलावतात. दुकानदार तर आधी डोलावतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच जागी नवा मासा विकायचा असतो. धाडपासून बुलढाण्यापर्यंत आणि इकडे भोकरदन-सिल्लोडच्या बाजूला ज्या ज्या बैठकीत काचेची टाकी आली, तिथे हे वाक्यही आलं. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. एकाच टाकीत महिन्याभरात पाच मासे मेले, तरी घरातली माणसं निर्धास्त! मासे मरताहेत म्हणजे टाकी आपलं काम चोख करते आहे, अशी त्यांची समजूत.

या समजुतीची जोडीदार म्हणजे नवाचा हिशोब. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. काळा घरातली बाधा शोषून घेतो म्हणे. हे ‘आपल्या वास्तुशास्त्रात’ सांगितलंय, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. नवाचा हा आकडा आला चिनी फेंगशुईच्या पुस्तकांतून. आणि काचेच्या टाकीचं म्हणाल, तर लोकांना पाहता यावं असं जगातलं पहिलं मत्स्यालय लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये उघडलं. समरांगणसूत्रधार हा राजा भोजाच्या नावावरचा वास्तुग्रंथ अकराव्या शतकातला. त्यात बैठकीतल्या काचेच्या टाकीचा आणि आठ अधिक एक गोल्डफिशचा नियम येणार कुठून?

श्रद्धेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या नवाच्या नियमानं मासे निवडण्याशी. कारण माशांना मारतो तो हा नियमच.

आपल्याकडे सर्रास घेतली जाते ती दोन फुटी टाकी: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साडेछप्पन लिटर. खाली खडे आणि वर मोकळी जागा सोडली की राहतं जेमतेम पंचेचाळीस लिटर पाणी. दुकानातला गोल्डफिश बोटाएवढा असतो म्हणून नऊ सहज मावतात. पण तो पिल्लू असतो. लांबट अंगाचा साधा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो. गोल पोटाचा, झुपकेदार शेपटीचाही सहा-आठ इंच भरतो. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. गिनीज बुकात इंग्लंडमधल्या टिश नावाच्या गोल्डफिशची नोंद आहे. तो १९९९ मध्ये मेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. आपल्याकडचा तीन महिन्यांत मरतो आणि आपण त्याच्या त्यागाचे गोडवे गातो.

मग मरतो कशानं? मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढतात. ते बाजारातून टाकीसोबत येत नाहीत. त्यांची वस्ती पुरेशी वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. शनिवारी टाकी आणली आणि रविवारी नऊ गोल्डफिश सोडले, तर ते सगळे आपल्याच घाणीत पोहतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करताना दिसतील. कल्ल्याचं झाकण किंचित उचललेलं असतं, आतली बाजू लालभडक झालेली असते, पंख अंगाशी मिटलेले. संकट पाहायचंच असेल तर ते असं दिसतं, आणि टाकीतच असतं.

इथे आपल्या भागाचं पाणीही गोल्डफिशच्या विरोधात जातं. माती परीक्षणाच्या अहवालात आपण ‘सामू’ वाचतो ना, तोच पाण्यालाही असतो. काळ्या पाषाणातलं आपलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि त्याचा सामू सातच्या वर. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी खरा विषारी भाग किती, हे सामू ठरवतो. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असेल तर विषारी भाग सुमारे अर्धा टक्का. सामू ८ असेल तर पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे घाण तेवढीच आणि विष दहापट. त्यात उन्हाळा. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाला साडेसात. गोल्डफिश मुळात थंड पाण्याचा. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, एअर पंप बंद पडला आणि संध्याकाळी दोन मासे उलटे तरंगले, तर त्यात ग्रहांचा काही हात नाही.

आणि साफसफाई! रविवारी सगळी टाकी रिकामी करायची, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा, मग थेट नळाचं पाणी भरायचं. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल पावडर असते आणि असायलाच हवी. पिण्याच्या पाण्यात नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. माणसाला त्यानं काही होत नाही, माशाचे कल्ले मात्र तेवढ्यानं पोळतात आणि स्पंजवरचे कष्टानं वाढलेले जिवाणूही मरतात. टाकी जितकी चकचकीत, तितके मासे लवकर मेलेले, हे कोडं इथे सुटतं. पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिनचे थेंब टाका. आठवड्याला चौथा हिस्साच बदला आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा. एवढ्यानं निम्मी संकटं टळतात.

‘पण काळाच आधी मेला, त्याचं काय?’ हा प्रश्न येतोच. काळा मासा म्हणजे ब्लॅक मूर. त्याचे डोळे बाहेर आलेले असतात आणि नजर अधू. लांबट अंगाचे सोनेरी मासे वेगवान. दाणा पडला की त्यांनी संपवलेला असतो. हा बिचारा चाचपडत राहतो, शोभेच्या दगडांना डोळा घासतो, जखमेत जंतू शिरतात. तो आधी गेला नाही तरच नवल. गंमत म्हणजे बरेच ब्लॅक मूर वयानुसार काळेपणा सोडून तांबूस-सोनेरी होतात. बाधा शोषून शोषून मासा आणखी काळा व्हायला हवा होता, नाही का?

आता झाडांचं. नऊ गोल्डफिशच्या टाकीत हिरवी झाडं लावून ती महिन्याभरात बोडकी झाल्यावर ‘आपल्याकडे झाडं येत नाहीत’ असं म्हणणारे खूप. कॅबोम्बाच्या झुपक्याशी गोल्डफिश कसा वागतो ते पाहा. आधी कोवळे शेंडे खुडतो, मग मुळाशी तोंड घालून खडे तोंडात घेतो, चघळतो, थुंकतो. संध्याकाळपर्यंत झाड वर तरंगतं. तो कार्प कुळातला आहे, रोहू-कटल्याचा भाऊबंद. तळ उकरणं हा त्याचा स्वभाव. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८५० मध्ये झाडं आणि मासे एकमेकांच्या आधारानं जगतात हे दाखवणारा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात गोल्डफिशच होते, हे खरं. पण ते दोन होते, नऊ नव्हते. सोबत व्हॅलिस्नेरियासारखी चिवट वनस्पती होती आणि कुजकी पानं खायला गोगलगायी.

म्हणून झाडांची मिश्र टाकी करायची असेल तर सुरुवात माशाच्या रंगापासून किंवा संख्येपासून करू नका, पाण्यापासून करा. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, असं पाणी असेल तर ते जड आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतं, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. आपल्याकडची बरीच बोअर या दोन्हींच्या मधली. या पाण्यात आनंदानं राहणारे मासे आहेत आणि तेच स्वस्तही आहेत: गप्पी, प्लॅटी, मॉली, स्वोर्डटेल. ही सगळी पिल्लं घालणारी मंडळी. डासांच्या अळ्या खातात म्हणून हिवताप विभाग डबक्यांत आणि टाक्यांत जे सोडतो, तेच गप्पी. ज्याला सरकार फुकट वाटतं त्याला बैठकीत काय ठेवायचं, असा एक तुच्छपणा आहे. तो सोडला तर धाडच्या पाण्याला याहून योग्य मासा शोधून सापडायचा नाही.

दोन फुटी टाकीत सात-आठ गप्पी किंवा पाच-सहा प्लॅटी, यापैकी एकच कुटुंब घ्या. माद्या नरांच्या दुपटीनं असाव्यात, नाहीतर नर त्यांचा पाठलाग करून त्यांना दमवतात. पिल्लांचा सुळसुळाट नको असेल तर फक्त नर घ्या. प्लॅटी घेतले तर सोबत सहा झेब्रा डॅनिओ चालतात. झेब्रा आपल्याच उपखंडातला, फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात नोंदवलेला. पण लांब शेपटीच्या गप्पींबरोबर तो नको. त्यांच्या शेपट्यांना तोंड लावण्याची त्याला खोड असते. झाडांत व्हॅलिस्नेरिया जड पाण्यात उत्तम वाढतो, जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला बांधून ठेवले की झालं. त्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही, साधा दिवा आणि धीर पुरतो.

बाकीच्या समजुती एकेका ओळीत उरकतो. मासा टाकीएवढाच वाढतो, हे चूक. लहान टाकीत तो खुरटतो आणि लवकर मरतो. दुकानात एकाच टाकीत होते म्हणजे जमतात, हेही चूक. तिथे ते पिल्लं असतात आणि पाहुणे असतात. एंजल आणि निऑन टेट्रा लहानपणी एकत्र छान दिसतात, मोठा एंजल निऑन गिळतो. टायगर बार्ब एकटा-दुकटा घेतला तर इतरांच्या शेपट्या कुरतडतो. आठ-दहांच्या थव्यात तो आपसातच भांडतो, तरी त्याच्याबरोबर गप्पी किंवा फायटर ठेवायचा नाही. नर फायटर बाउलमध्ये सुखी असतो हा भ्रम आहे, आणि दोन नर एकत्र ठेवणं क्रूरपणा. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर आणि नशीब उघडणारी म्हणून विकली जाणारी अरोवाना यांना मिश्र टाकीत जागाच नाही. बाकीचे मासे त्यांच्यासाठी खाद्य आहेत. आरओचं पाणी शुद्ध म्हणून नुसतं तेच भरलं तर त्यात सामू धरून ठेवणारे क्षारच उरत नाहीत; वापरायचं तर बोअरच्या पाण्यात मिसळून वापरा.

सकर माशाला मात्र एका ओळीत सोडता येत नाही. ‘हा टाका, टाकी आपोआप साफ,’ म्हणून तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातो. तो काचेवरचं शेवाळ लहानपणी थोडंफार खातो. विष्ठा खात नाही, उलट भरमसाठ करतो. वाढला की दीड फुटाच्या आसपास जातो, रात्री झाडांची मुळं उखडतो, रुंद पानं खरवडतो आणि भूक लागली तर गोल्डफिशच्या, एंजलच्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर चाटतो. मग मालक कंटाळतो आणि दया म्हणून त्याला ओढ्यात किंवा धरणात सोडतो. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या हाडासारख्या कवचामुळे त्याला खाणारे आपल्याकडे फार कुणी नाही, आणि तो काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो. २०२० मध्ये वाराणसीजवळ गंगेत तो मिळाला तेव्हा शास्त्रज्ञांनी धोक्याचा इशारा दिला होता. १९५२ मध्ये देशात आणलेल्या चिलापी (तिलापिया) माशानं उजनी धरणात काय केलं, ते तिथल्या कोळ्यांना विचारावं. पैनगंगेत आणि खडकपूर्णेच्या धरणात तीच वेळ आणायची का? शेवाळासाठी गोगलगायी ठेवा आणि दिवा आठ तासांहून जास्त लावू नका.

नऊ गोल्डफिश आधीच घरात असतील तर त्यांना मारण्याची किंवा नदीत सोडण्याची गरज नाही. सिमेंटचा सावलीतला हौद असेल तर तो त्यांना टाकीपेक्षा कितीतरी बरा. नसेल तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्याला द्या. आणि यापुढे मासा मेला तर नवा आणायला जाण्याआधी अमोनिया आणि सामू मोजायचं किट आणा. आकडा वाईट निघाला तर पाणी सुधारेपर्यंत एकही मासा विकत घेऊ नका, काळाही नाही आणि सोनेरीही नाही.