१६, ३२ की ९६ एमबी? गेमिंग आणि डिझाइनसाठी प्रोसेसर घेताना कॅश कुठे बघायची

 

इनबॉक्समधला एक प्रश्न तसाच वाचून दाखवतो. "दादा, ॲनिमेशनचा कोर्स लागलाय. घरून पीसीसाठी सत्तर हजार मिळणारेत, ते पण एकदाच. दिवसा ब्लेंडर आणि प्रीमिअर, रात्री गेम. दुकानदाराने कोटेशनमध्ये रायझन सेव्हन ५७०० लिहिलाय, मित्र म्हणतो ५७००एक्स घे. एका अक्षरासाठी जास्त पैसे का द्यायचे?"

तर भावा, त्या एका अक्षरात अर्धी कॅश गेलीय. ५७००एक्समध्ये एल-थ्री कॅश ३२ एमबी आहे, नुसत्या ५७०० मध्ये १६. आठ कोअर, सोळा थ्रेड दोन्हीकडे, टर्बोचा वेग पण ४.६ गिगाहर्ट्झ दोन्हीकडे. कागदावर जुळे भाऊच. पण ५७०० हा मुळात ग्राफिक्सवाल्या ५७००जी चा ग्राफिक्स बंद केलेला अवतार. म्हणून कॅश कमी, आणि पीसीआय एक्सप्रेसही जुनी, तिसऱ्या पिढीची.

आता एक गोंधळ मिटवू. फोनच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर कॅश' दाबतो ना आपण, ती ही कॅश नाही. ती म्हणजे ॲपने स्टोरेजमध्ये साठवलेल्या फायली. प्रोसेसरची कॅश म्हणजे चिपमध्येच कोरलेली, भयंकर वेगवान मेमरी. रॅम पुढच्या दिवाळीला वाढवता येते, एसएसडी वाढवता येते. कॅश मात्र चिपसोबत जेवढी आली तेवढीच, जन्मभर. त्यामुळे विचार करायचा तो पैसे देण्याआधी.

ती करते काय? स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर मसाल्याचा डबा, मागे कपाट, आणि कोपऱ्यावर किराणा दुकान. डबा म्हणजे एल-वन, कपाट म्हणजे एल-थ्री, दुकान म्हणजे रॅम. (एल-टू या दोघांच्या मधे कुठेतरी, तिला आज फार छेडत नाही.) एल-वनमधून डेटा यायला साधारण १ नॅनोसेकंद, एल-थ्रीमधून १० च्या आसपास, रॅममधून ७०-८०. नॅनोसेकंदाचा सेकंद करून बघा: डबा एका सेकंदात, कपाट दहा सेकंदांत, दुकान सव्वा मिनिटात. आणि एसएसडी? या हिशेबात जवळपास एक अख्खा दिवस. ५ गिगाहर्ट्झचा कोअर रॅमची वाट बघत बसला की साडेतीनशेहून जास्त ठोके वाया घालवू शकतो. गॅस चालू, फोडणी तापलीय, आणि मोहरी आणायला माणूस दुकानात गेलाय.

गेममध्ये हे फार होतं. शत्रू, गाड्या, गोळ्या, दारं, हजारो गोष्टींची माहिती मेमरीत इकडेतिकडे विखुरलेली असते. शिवाय पहिली गोष्ट हातात आल्याशिवाय पुढची कुठे आहे हेच कळत नाही, म्हणजे आधीच मागवून ठेवायचीही सोय नाही. १४४ एफपीएस हवे असतील तर एका फ्रेमला मिळतात फक्त ७ मिलिसेकंद. आणि तीच माहिती पुढच्या फ्रेमला परत लागते. कपाट मोठं असेल तर ती घरातच सापडते.

एएमडीने नेमकं हेच पकडलं. एप्रिल २०२२ मध्ये ५८००एक्स-थ्रीडी आला. ३२ एमबी कॅश असलेल्या चिपवर आणखी ६४ एमबीचा थर चढवला, झाले ९६. गंमत म्हणजे त्याचा टर्बो वेग साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता, ४.७ ऐवजी ४.५, कारण वरच्या थरामुळे उष्णता बाहेर पडायला त्रास. तरीही गेममध्ये तो पुढे. फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ असल्या गेममध्ये तर फारच. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स-थ्रीडीमध्ये कॅश कोअरच्या खाली सरकवली, म्हणून वेगही वाढवता आला.

पण रेंडरिंगला लावा, तिथे हाच ५८००एक्स-थ्रीडी साध्या ५८००एक्सच्या थोडा मागेच पडतो. हे दुकानात कोणी सांगत नाही. व्हिडिओचा डेटा ओळीने येतो, एकदा वापरला की गेला. पुढे काय लागणार हे चिपला आधीच ओळखता येतं, ती रॅममधून आगाऊ मागवून ठेवते. मोठ्या कपाटाचा तिथे तसा उपयोग नाही. तिथे कोअर किती आणि पळतात किती, हे महत्त्वाचं. ब्लेंडरमध्ये सायकल्स ग्राफिक्स कार्डवर चालवत असाल तर प्रोसेसरचा प्रश्न आणखी मागे जातो. फोटोशॉपला रॅम कमी पडली की ते एसएसडीवर जातं, आणि एसएसडीचा हिशेब आत्ताच केला आपण. प्रीमिअरवाल्यांनी इंटेल घेताना नावापुढे 'एफ' आहे का ते बघा. थोडे पैसे वाचतात, पण आतलं ग्राफिक्स जातं आणि त्यासोबत क्विक सिंकही, जे मोबाइल-कॅमेऱ्याच्या फायली टाइमलाइनवर सुरळीत चालवायला फार कामी येतं.

दोन्ही हवंय आणि खिसा जड आहे, तर ७९५०एक्स-थ्रीडी किंवा ९९५०एक्स-थ्रीडी. सोळा कोअर, पण जास्तीची कॅश त्यातल्या आठच कोअरना. गेम कुठल्या आठांवर चालवायचा हे विंडोज आणि एएमडीचा ड्रायव्हर मिळून ठरवतात, म्हणून ड्रायव्हर अपडेट ठेवा.

मग सत्तर हजारवाल्या मित्राने काय करावं? ५७०० आणि ५७००एक्समध्ये माझं मत सरळ ५७००एक्स. थ्रीडीच्या मागे लागू नको. या बजेटमध्ये ते पैसे ग्राफिक्स कार्डातून किंवा रॅममधून कापले जातील, आणि दिवसाच्या कामाला नेमकं तेच दोन लागतं. गेममध्ये तुझं ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या वर चालत असेल, तर अडलंय तिथे, प्रोसेसरमध्ये नाही. महागडी कॅश तेव्हा नुसती बघत बसते.

अजून एक. बॉक्सवर किंवा वेबसाइटवर कधीकधी एल-टू आणि एल-थ्रीची बेरीज छापतात. ९८००एक्स-थ्रीडीचे १०४ एमबी दिसले तर त्यात ९६ एल-थ्री आणि ८ एल-टू. तुलना करताना दोन्हीकडे एल-थ्रीच बघा. लॅपटॉपच्या बऱ्याच आठ-कोअर रायझनमध्ये ती १६ च असते, त्यामुळे नाव डेस्कटॉपसारखं दिसलं म्हणून गृहीत धरू नका. पीसी जोडून मिळाला की दुकानातच टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा. खाली एल-वन, एल-टू, एल-थ्री लिहिलेलं असतं. ते बिलाशी जुळलं की मग पैसे द्या.